रविवारचं टेबल (बर्लिन नाश्ता ग्रुप)

*सोमवार*

स्नेहल, 8:12
सकाळी सकाळी लिहितेय, पण काल रात्रीपासून डोक्यात तेच आहे. बारा जणांनी "हो" टाकलं होतं, म्हणून मी कालच्या नाश्त्याला कॅफेत बारा जणांचं टेबल घेतलं. टेबलावर बसलो सात. आज माझ्या कार्डावरून पाच रिकाम्या खुर्च्यांचे प्रत्येकी 10 युरो कापले गेलेत. पन्नास युरो.

मंदार, 8:15
कापू शकतात. बुकिंग करतानाच लिहिलेलं असतं, 24 तास आधी कळवलं नाही तर पैसे कापणार म्हणून.

स्नेहल, 8:16
कापू शकतात ते मला माहीत आहे रे. ज्यांनी "हो" टाकलं त्यांनी "जमत नाही" एवढं तरी टाकायचं होतं. शनिवारी सकाळी कळलं असतं तर टेबल लहान करून घेतलं असतं.

निखिल, 8:31
पाचही जणांनी आज पैसे पाठवा, नाहीतर पुढच्या वेळी कॅफेची भांडी घासायला तुमची नावं देऊ 😄

अनघाताई, 8:40
स्नेहल, तू एवढी धावपळ करतेस त्याची सगळ्यांना जाणीव आहे गं. ज्यांचे राहिलेत ते देतीलच. चिडू नकोस.

स्नेहल, 8:44
ताई, तुमच्यावर नाही चिडले. पण जाणीव आहे हे मी दर वेळी ऐकते. वेटर सारखा येऊन "अजून कोणी येणार आहे का" विचारत होता आणि दारात लोक लहान मुलं घेऊन उभे होते. मला खाली बघावं लागलं. छोटे कॅफे आहेत, रविवारच्या चार तासांवर त्यांचा आठवडा चालतो. पाच खुर्च्या अडवून ठेवणं बरं दिसत नाही, पैसे कापोत न कापोत.

विवेक, 8:52
मी मागेही बोललो होतो. एवढ्या मोठ्या गटाने रविवारी अकराला जायचंच नाही. नऊला चला. रांग नाही, गोंगाट नाही.

ऋषिकेश, 9:05
मी आलो होतो हां! पावणेएकला पोचलो तर तुम्ही उठलेले. घड्याळं एक तास पुढे गेली ना रविवारी पहाटे. मार्चचा शेवटचा रविवार.

मंदार, 9:06
फोनचं घड्याळ आपोआप पुढे जातं.

ऋषिकेश, 9:06
स्वयंपाकघरातलं जात नाही. मी सकाळी तेच बघतो.

मंदार, 9:08
तुझ्या स्वयंपाकघरात तेव्हा पावणेबारा वाजले होते. टेबल अकराचं होतं.

निखिल, 9:08
😂😂😂

ऋषिकेश, 9:11
बरं बाबा. स्नेहल, 10 युरो पाठवलेत. पेपाल बघ.

स्नेहल, 9:12
मिळाले. थँक्यू. एक झाला, चार राहिले.

अमृता, 9:30
स्नेहल, सॉरी गं. शनिवारी रात्रीपासून पिल्लूला 39 ताप होता, ग्रुप उघडलाच नाही. आत्ता वाचतेय सगळं. पाठवते.

स्नेहल, 9:31
अगं वेडी आहेस का! तुझे नाही घेणार मी. आता कसा आहे तो?

अमृता, 9:33
आता 38 च्या खाली आला. झोपलाय.

मंदार, 9:35
तापाचं समजू शकतो. पण कॅफेने पाच धरलेत. मग अमृताचे दहा कोणी द्यायचे? नियम करायचा तर सगळ्यांना एक हवा.

केतकी, 9:36
*हा मेसेज डिलीट करण्यात आला*

निखिल, 9:36
केतकी, काय लिहिलं होतंस? मी वाचायच्या आधीच उडवलंस.

केतकी, 9:38
काही नाही. मंदार, आजारी मुलाचा हिशोब ग्रुपवर मांडू नये एवढंच.

मंदार, 9:41
मी मुलाचा हिशोब मांडत नाहीये. पन्नास युरो स्नेहलच्या खिशातून गेलेत, त्याचा मांडतोय. तुझी बाजू घेऊन मीच वाईट ठरतोय का, स्नेहल?

अनघाताई, 9:45
अमृताचे मी देते. विषय संपला.

स्नेहल, 9:46
ताई, तुम्ही का द्यायचे? ते दहा माझे, मी सोडले. बाकी तिघांनी द्यावेत.

श्रीकांतकाका, 9:50
सर्वांना सुप्रभात 🙏 मी प्राजक्ताचा बाबा. काल फारच छान वेळ गेला. एक विचारायचं होतं. पाण्याची बाटली सात युरोंची होती का? बिलात मी दोनदा वाचलं.

प्राजक्ता, 9:51
बाबा 🙈

मंदार, 9:53
हो काका. नळाचं पाणी फुकट देण्याची इथल्या हॉटेलांवर सक्ती नाही. मागितलं तर काही देतात, काही सरळ नाही म्हणतात. व्हिएन्नाला गेलात तर कॉफीच्या ट्रेवरच पाण्याचा ग्लास येतो.

श्रीकांतकाका, 9:55
नाशकात आधी पाणी ठेवतात, मग विचारतात काय हवं. असो. अन्न रुचकर होतं.

विवेक, 10:02
भाव वाढलेत हे खरंच. माणशी चोवीस युरो पडले.

मंदार, 10:05
जेवणावरचा कर 2024 च्या जानेवारीत 7 वरून 19 टक्के झाला तेव्हा नवीन मेनूकार्डं लगेच छापली. 2026 च्या जानेवारीपासून तो परत 7 झालाय, पेयांवर मात्र 19 च आहे. पण खाली आलेला भाव मला तरी अजून कुठे दिसला नाही.

केतकी, 10:08
भाडं, पगार, वीज सगळंच वाढलंय रे त्यांचं. कर उतरला म्हणून ऑम्लेट कसं स्वस्त होणार?

प्राजक्ता, 10:20
आता विषय निघालाच आहे तर बोलते. मी एक क्रोसाँ आणि चहा घेतला. बाबांनी म्यूस्ली घेतलं, कारण बाकी सगळ्यात अंडं. आणि आम्ही दोघांचे मिळून अठ्ठेचाळीस दिले, समान वाटणी म्हणून.

विवेक, 10:24
मग तिथेच सांगायचं होतं.

प्राजक्ता, 10:25
पहिल्यांदाच बाबांना घेऊन आले होते. त्यांच्यासमोर पैशावरून बोलायला बरं वाटलं नसतं. आणि सेक्टचे, म्हणजे फेसाळ वाइनचे, ग्लास कोणाचे होते ते मी विचारलं नाही.

विवेक, 10:26
माझे दोन होते. लपवलं नाहीये काही. तुझे जे जास्त गेले ते मी देतो.

अनघाताई, 10:30
अरे इथे वेटर स्वतःच विचारतात ना, एकत्र की वेगवेगळं? आपण वेगवेगळं म्हणून मोकळं व्हायचं. टेबलाशी उभं राहून एकेकाचा हिशोब करतात, कपाळाला आठी न घालता. आम्ही इतकी वर्षं तसंच करतो. ज्याने त्याने आपल्या आकड्यात पाच-दहा टक्के टिप धरून आकडा सांगायचा.

मंदार, 10:31
आणि रोख ठेवा खिशात. अजूनही कितीतरी ठिकाणी कार्ड घेत नाहीत.

विवेक, 10:33
नऊला गेलो तर वेटरलाही वेळ असतो हिशोबाला.

केतकी, 10:34
विवेक, रविवारी नऊला या शहरात अर्ध्या कॅफेंची शटरं खाली असतात 🙏

*मंगळवार*

स्नेहल, 19:10
अजून तिघांचे यायचेत. समीर, गौरी, तन्मय. निळी टिक दिसतेय.

तन्मय, 19:22
पाठवले. सॉरी, चुकलं. उठलोच नाही.

गौरी, 19:40
आमचे वीस पाठवलेत. नावं घेऊन ग्रुपवर लिहायची गरज नव्हती, खाजगीत सांगता आलं असतं. पुढच्या वेळी आम्हाला धरू नका.

स्नेहल, 19:43
गौरी, रविवारी अकरा वीसला तुला फोन केला होता, समीरलाही केला. मिळाले पैसे. धन्यवाद.

अनघाताई, 19:50
गौरी, एवढं मनावर घेऊ नकोस. तुमच्याशिवाय मजा नाही.

निखिल, 19:58
मी विषय बदलतो. पुढे कुठे? ईस्टर सोडून 12 एप्रिल धरूया का? माझं मत प्राटर. कास्टानिएनआले रस्त्यावर, 1837 पासून आहे, शहरातली सगळ्यात जुनी बिअर गार्डन. झाडाखाली लांब बाकं, कितीही जण बसा.

केतकी, 20:02
बागेत बसायचं तर ऊन हवं. एप्रिलचा काही भरवसा नाही, मागे गारा पडल्या होत्या.

श्रीकांतकाका, 20:05
बागेत असेल तर मी डब्यात दडपे पोहे आणू का?

मंदार, 20:08
काका, ती सोय म्युनिककडे. बव्हेरियाच्या बिअर गार्डनमध्ये पेय त्यांचं घेतलं की खाणं घरून आणता येतं, जुना हक्क आहे तो. बर्लिनमध्ये तसं धरून चालता येत नाही.

ऋषिकेश, 20:10
मग माझ्या घरी करू मिसळ! पाव नाही, पण बेकरीतली श्रिप्पं, म्हणजे इथले छोटे बन, आहेत की.

मंदार, 20:11
तुझ्या खालच्या मजल्यावरच्या आजींनी दिवाळीनंतर चिठ्ठी लावली होती दारावर. रविवार म्हणजे शांततेचा दिवस इथे.

ऋषिकेश, 20:12
ती चिठ्ठी चिवड्याच्या मिक्सरसाठी होती 😅

निखिल, 20:13
चिवड्याला मिक्सर???

ऋषिकेश, 20:13
चकलीची भाजणी. तेच ते.

अनघाताई, 20:20
कोलविट्झश्ट्रासवरचं आना ब्लूमे मला फार आवडतं. फुलांचं दुकान आणि कॅफे एकत्र, आत शिरताच ओल्या फुलांचा वास येतो. तिथे नाश्ता तीन मजली थाळीत येतो. पण ते दोघा-चौघांचं काम, दहाबारा जणांचं नाही.

केतकी, 20:31
मी सांगू? मोठ्या गटाला आणि काकांना दोन्हीला जमेल असं एकच आहे, तुर्की नाश्ता. कॉटबुसर डामवर चला. तिथे माणशी एक प्लेट असं घ्यायचंच नसतं. टेबल भरून वाट्या येतात: काळी-हिरवी ऑलिव्ह, पांढरं चीज, काकडी-टोमॅटो, दोन-तीन मुरंबे, मध आणि त्याच्या शेजारी कायमाक, म्हणजे घट्ट साय. तीळ लावलेलं गोल सिमीट. पालकाचं ब्योरेक. मेनेमेन छोट्या तव्यातूनच समोर ठेवतात, कडेने अजून बुडबुडे येत असतात. टोमॅटो, हिरवी मिरची, अंडं. पावाचा तुकडा मोडायचा आणि थेट त्यात. चहा बारीक कमरेच्या काचेच्या ग्लासातून, दूध नाही. सगळं मध्ये ठेवून सगळ्यांनी खायचं, त्यामुळे कोणी किती खाल्लं हा प्रश्नच येत नाही. अंड्याचा तवा फक्त एका टोकाला ठेवू.

श्रीकांतकाका, 20:36
मधाबरोबर साय म्हणालात का? मी येतो.

प्राजक्ता, 20:37
बाबा, कोलेस्टेरॉल.

श्रीकांतकाका, 20:37
रविवारी नाही.

प्राजक्ता, 20:41
केतकी, चीजमध्ये रेनेट असतं का? वासराच्या पोटातलं? बाबांना ते नाही चालणार.

केतकी, 20:45
काही चीजमध्ये असतं, काहींत नसतं. तिथे फोन करून विचारते. नाहीच तर ऑलिव्ह, मध, साय, सिमीट, भाज्या, मुरंबे एवढ्यात काका जेवतात. सुजुक म्हणजे सॉसेज, ते वेगळंच मागवायचं असतं.

मंदार, 20:52
आणि हा नाश्ता इथे आला कसा तेही काकांना सांगायला हवं. 1961 च्या ऑक्टोबरमध्ये पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगार आणायचा करार केला. इथे आलेले बरेच जण क्रॉइझबर्गमध्ये राहिले, कारण तो भाग बर्लिनच्या भिंतीला लागून होता आणि भाडी कमी होती. त्यांनी आपली दुकानं थाटली. आपण जिथे साय खाणार तो सगळा पट्टा त्यांनी उभा केलाय. मला त्या लोकांबद्दल फार आदर वाटतो. आपल्याला इथे हिंग मिळतो तो अशाच कोणीतरी आधी येऊन दुकान टाकलं म्हणून.

अनघाताई, 20:55
छान लिहिलंस मंदार. आम्ही आलो तेव्हा कोथिंबीर आणि भेंडी फक्त तुर्की दुकानातच मिळायची.

विवेक, 20:58
तुर्की ठिकाणं सकाळी लवकर उघडतात. नऊला चला.

निखिल, 20:58
विवेकने अखेर आपल्या मुद्द्याला जागा शोधली 👏

केतकी, 21:00
दहा. मधला आकडा. नाश्त्यानंतर हेर्मानप्लाट्झपर्यंत चालत जाऊ, पुढे हाझनहाइडे बाग. काकांना गणपतीचं देऊळ दाखवू.

श्रीकांतकाका, 21:02
उत्तम 🙏

स्नेहल, 21:15
माझी एक अट आहे. ह्यापुढे माझ्या कार्डावर बुकिंग नाही. केतकी करणार असेल तर माणशी 10 युरो आधी केतकीकडे, ते बिलात वळते करायचे. पैसे आले की नाव यादीत. नुसतं "हो" धरणार नाही. आजारपण असेल तर शनिवारी रात्री दहापर्यंत एक फोन, मेसेज नाही.

मंदार, 21:16
मान्य.

विवेक, 21:17
मान्य. बिल ज्याचं त्याचं?

केतकी, 21:18
खाणं समान, पेय ज्याचं त्याचं. प्राजक्ता, चालेल?

प्राजक्ता, 21:19
चालेल 🙂 विवेक, तुमचे पैसे मिळाले. मनात काही ठेवू नका.

विवेक, 21:20
नाही गं.

अमृता, 21:25
आमचे दोन आणि पिल्लूची उंच खुर्ची. पैसे पाठवले.

*बुधवार*

केतकी, 12:40
फोन केला. दहा जणांपर्यंत लांब टेबल देतील, दहा वाजता, वेळेची अट नाही. रेनेटचं त्यांना नक्की सांगता आलं नाही, म्हणून काकांसाठी चीज नको असं सांगून ठेवलंय. आत्तापर्यंत पैसे: मंदार, विवेक, प्राजक्ता, काका, अमृता दोन, ऋषिकेश, स्नेहल.

निखिल, 12:44
माझे संध्याकाळी.

केतकी, 12:45
मग नाव संध्याकाळी.

अनघाताई, 12:58
माझे आत्ता पाठवले. गौरी, तुमच्या दोघांचेही मी भरू का? तुम्ही मला नंतर द्या.

गौरी, 15:20
ताई, तुम्ही नका भरू. आम्ही भरतो. केतकी, दोन. पण दहाच्या पुढे जागा नसेल तर राहू दे.

स्नेहल, 15:22
मी विचारते त्यांना बाजूचं छोटं टेबल जोडून मिळेल का. तू पैसे पाठव.

निखिल, 15:23
पाठवले!! मला बाजूच्या टेबलावर बसवू नका.

केतकी, 16:05
टेबल जोडून देतायत. मी, निखिल, ताई, समीर आणि गौरी धरून तेरा झाले. यादी बंद. उ-आठ मेट्रोने येणाऱ्यांनी श्योनलाइनश्ट्रासला उतरा. रविवारी कुठे काम चालू असलं तर गाडीऐवजी बस असते, शनिवारी अॅपवर बघून ठेवा.