गॅलेक्सी ए३६ की नथिंग ३ए? वापरणाऱ्यांनी अनुभव सांगा

धागाकर्ती, माण तालुका (सातारा)

नमस्कार मंडळी. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सध्याचा फोन ६४ जीबीचा. त्यातली निम्मी जागा ग्रुपवरच्या पीडीएफनी आणि उरलेली शुभ सकाळच्या फुलांनी खाल्ली आहे. पोषण आहाराची रोजची माहिती भरायला बसलं की फोन आधी विचारात पडतो, मग गरम होतो, मग 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणतो. तेव्हा दसऱ्याला नवा घ्यायचा हे नक्की.

यादी गाळत गाळत दोनावर आले: सॅमसंग गॅलेक्सी ए३६ आणि नथिंग फोन ३ए. दोन्ही मार्च २०२५ चे. बाजारात आले तेव्हा नथिंग २४,९९९ पासून आणि सॅमसंग ३२,९९९ पासून. दोन्हीची बॅटरी ५००० एमएएच, दोन्हीचा पडदा अमोलेड आणि १२० हर्ट्झ. मग वरचे आठ हजार नेमके कशाचे? तुलनेचे तक्ते पाठ झालेत, ते नकोत. ज्यांनी रोज खिशात किंवा पर्समध्ये वागवलाय त्यांनी लिहा. "थोडे घालून आयफोन घ्या" म्हणणाऱ्यांनी ते थोडे पैसेही सोबत पाठवावेत.

सिंहगड रोड, पुणे

घरात दोन्ही आहेत. माझ्याकडे ए३६, बायकोकडे ३ए, त्यामुळे रोज संध्याकाळी तुलना चालूच असते.

वेगात नथिंग पुढे. त्यात स्नॅपड्रॅगन ७एस जेन ३ प्रोसेसर आहे, सॅमसंगमध्ये ६ जेन ३. व्हॉट्सॲप, बँक, यूपीआय एवढ्यात फरक कळत नाही. मोठी पीडीएफ उघडून लगेच कॅमेऱ्यात गेलं आणि परत आलं की कळतो: तिच्याकडे पीडीएफ होती तिथेच असते, माझ्याकडे कधीकधी पुन्हा उघडावी लागते. तुमचं काम बघता हे महत्त्वाचं.

दुसरं म्हणजे जागा. मेमरी कार्डाची खाच दोन्हीत नाही, त्यामुळे १२८ जीबीच्या वाटेला जाऊ नका. नथिंगचं २५६ जीबीचं मॉडेल आलं तेव्हा २६,९९९ ला होतं, म्हणजे सॅमसंगच्या १२८ पेक्षाही स्वस्त. माझ्या मते तुमचा निकाल इथेच लागतो.

आणि कॅमेरा. ३ए मध्ये दुप्पट झूमची वेगळी ५० मेगापिक्सेलची लेन्स आहे. ए३६ मध्ये त्या जागी ५ मेगापिक्सेलचा मॅक्रो आहे, जो मी मुंगी बघायला एकदा वापरला. स्नेहसंमेलनात मागच्या रांगेतून फोटो काढायचे असतील तर बायकोचा फोन मागून घेतो.

लासलगाव

बाकीच्यांचं चालू द्या, मी एकाच गोष्टीवर बोलतो: कॉल रेकॉर्डिंग.

आमचा कांद्याचा धंदा. भाव फोनवर ठरतो, गाडी फोनवर ठरते, आणि संध्याकाळी समोरचा म्हणतो, "मी असं बोललोच नव्हतो." मे २०२२ मध्ये गूगलने प्ले स्टोअरचे नियम बदलले आणि रेकॉर्डिंगची बाहेरची ॲप बंद पडली. तेव्हापासून फोनमध्ये कंपनीनेच दिलेलं असेल तेवढंच. नथिंगमध्ये फोन करायचं ॲप गूगलचं आहे. रेकॉर्डिंग होतं, पण ॲपमधली बाई आधी दोन्हीकडे जाहीर करते की कॉल रेकॉर्ड होतोय. हे ऐकलं की व्यापारी एकदम राजा हरिश्चंद्र होतो आणि कामाचं काहीच बोलत नाही. सॅमसंगच्या भारतातल्या फोनमध्ये स्वतःचं ॲप आहे, ते गुपचूप नोंदवतं. दुसऱ्याला न सांगता रेकॉर्ड करावं का, हा वाद वेगळा, तो इथे नको. मी आठ हजार त्यासाठी दिले आणि एका हंगामात वसूल झाले.

धागाकर्ती

पुणेकर, धन्यवाद. १२८ चा विचार सोडला. लासलगावकर दादा, आमच्याकडे वरून येणारे आदेशही बऱ्याचदा तोंडीच असतात, त्यामुळे तुमचा मुद्दा वहीत लिहून घेतलाय!

संगमेश्वर

पावसाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. धूळ-पाणी किती अडवतं याचा दर्जा ए३६ ला आयपी६७ आहे, ३ए ला आयपी६४. पहिला आकडा धुळीचा, तो दोघांचा सारखाच, ६. दुसरा पाण्याचा. ७ म्हणजे एक मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास. ४ म्हणजे उडणारे शिंतोडे. आमच्याकडे जुलैत शिंतोडे नावाचा प्रकार नसतो. जुलैत दुचाकीवरून कामावर जाताना रेनकोटच्या खिशातच तळं साठतं, आणि फोन त्यात पडलेला असतो. ए३६ असा दोन पावसाळ्यांत कित्येकदा भिजला. स्पीकरमधून थोडा वेळ बसलेल्या घशासारखा आवाज येतो, मग मोकळा होतो. ओला असताना चार्जिंगला लावायचा नाही एवढं पथ्य. मात्र खाऱ्या पाण्याला हे लागू नाही, गणपतीपुळ्याला फोन घेऊन समुद्रात उतरू नका. आणि पाणी गेलं तर वॉरंटीत बसत नाही, आकडा कितीही असो.

माणमध्ये पाऊस किती पडतो हे मला माहीत आहे मॅडम, तेव्हा तुमच्यासाठी हा मुद्दा निम्म्याने कमी धरा. धूळ मात्र दोन्ही अडवतात.

जाता जाता नेटवर्कचं. चिऱ्याच्या भिंतींच्या घरात रेंज येत नाही म्हणून पाहुणे मंडळी फोन बदलायला सांगतात. आमच्याकडे फोन तीन बदलले, रेंज तीच. घरात फायबर घेतलं, सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग चालू केलं, प्रश्न संपला. हे दोन्ही फोनमध्ये आहे.

डोंबिवली पूर्व

आईसाठी घ्यायचा होता, वय ७१. दुकानात दोन्ही तिच्या हातात दिले. नथिंगची काळी-पांढरी चिन्हं बघून म्हणाली, "यात सगळ्यांना एकच गणवेश घातलाय, ओळखू कसं?" ती चिन्हं रंगीत करता येतात, मी करून दाखवली, पण तोवर तिचं मत बनलं होतं. शिवाय पॉवरच्या बटणाखाली आणखी एक बटण आहे, नोंदी आणि स्क्रीनशॉट ठेवायला. तरुणांना आवडेल. तिचं बोट चाचपडताना दोन्हीवर जात होतं.

सॅमसंगमध्ये ईझी मोड आहे. चिन्हं मोठी, अक्षरं मोठी, दाबून धरायचा वेळ वाढवता येतो. मराठीसाठी जीबोर्ड टाकला आणि त्यात हाताने लिहायची सोय चालू केली. आता ती बोटाने 'पोचलात का' असं गिरवते. व्हॉइस टायपिंग तिला नको, शेजारीपाजारी ऐकतात म्हणून.

थोडक्यात, ज्याला वापरायचाय त्याच्या हातात द्या. तुम्ही स्वतःसाठी घेताय, तुम्हाला हे काही लागू नाही. पण घरातलं कुणी ज्येष्ठ वापरणार असेल तर लक्षात असू द्या.

सीताबर्डी, नागपूर

सहा वर्षांच्या अपडेटवर लोक भाळतात म्हणून सांगतो. नीट वाचा. सुरक्षा अपडेट दोन्हीची सहा वर्षं आहेत. फरक अँड्रॉइडच्या आवृत्त्यांत आहे: दोन्ही अँड्रॉइड १५ वर आले, सॅमसंग सहा आवृत्त्या देणार म्हणजे २१ पर्यंत, नथिंग तीन म्हणजे १८ पर्यंत. बँकेच्या ॲपसाठी सुरक्षेचं महत्त्व जास्त, आणि तिथे बरोबरी आहे.

आता माझं रडगाणं. आधीचा फोन (कंपनी कोणती ते सोडा) एका रात्री अपडेट झाला आणि सकाळी पडद्यावर हिरवी उभी रेघ. सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, वॉरंटी संपली, डिस्प्ले बदला. किंमत ऐकून मी खुर्चीत बसलो, फोनच्या अर्ध्या किमतीची. रेघ घेऊनच वर्षभर वापरला, क्रिकेट बघताना बॅट्समन नेहमी रेघेच्या पलीकडे. तेव्हापासून माझा नियम: फोन घेण्याआधी अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारायचं की या मॉडेलचा डिस्प्ले आणि बॅटरी केवढ्याला. जो आकडा सांगायला टाळाटाळ करेल त्याचा फोन घ्यायचा नाही. सॉफ्टवेअर सहा वर्षं टिकेल हो, काच टिकायला हवी.

गडहिंग्लज (दुकानदार)

नागपूरकर साहेब बोलले ते शंभर टक्के. दुरुस्तीला येणाऱ्या दहातल्या बहुतेकांचं काम फोल्डरचंच असतं, म्हणजे तुमच्या भाषेत डिस्प्ले. अमोलेडचा फोल्डर महाग, आणि बाजारात डुप्लिकेट स्वस्तात मिळतो. तो लावला की रंग फिके, आणि पडद्यातला अंगठ्याचा सेन्सर चालतच नाही. ह्या दोन्ही फोनमध्ये सेन्सर पडद्यातच आहे, म्हणून ओरिजिनलच लावायचा.

तालुक्याच्या गावाला सॅमसंगची टेम्पर्ड काच, कव्हर दारात मिळतं. नथिंगचं मागवावं लागतंय, दोन-तीन दिवस जातात. नवा फोन ते दोन-तीन दिवस उघडा फिरवू नका, काच आधी मागवून ठेवा.

चार्जर दोन्हीच्या खोक्यात नाही बरं का बाई. गिऱ्हाईक हमखास भांडतं, "तुम्हीच काढून घेतला." सॅमसंग ४५ वॉट घेतो, पण त्यासाठी चार्जर पीपीएसवाला (फोनच्या मागणीप्रमाणे व्होल्टेज बदलणारा) आणि केबल ५ अँपिअरची लागते, साधी केबल लावली की वेग उतरतो. तो खर्च आठ हजारांच्या हिशेबात धरा.

अकोला

भाच्याकडे ३ए आहे. मागचे दिवे फोन आल्यावर लुकलुकतात. त्याच्या वर्गात त्याचा मान वाढलाय. बाकी मला काही कळत नाही.

ठाणे

दोन्ही घेऊ नका, असं म्हणणारा एक तरी हवाच. जुना फोन कंपनीच्या सेंटरला द्या, बॅटरी बदलून घ्या, व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन फोटो आणि व्हिडिओ आपोआप उतरवणं बंद करा, आणि 'स्टोरेज मॅनेज करा' मधून मोठ्या फाइल उडवा. माझा चार वर्षांचा फोन असा पुन्हा धावायला लागला. तुमचे निदान पंचवीस हजार वाचतील.

धागाकर्ती

ठाणेकर, ते सगळं मे महिन्याच्या सुट्टीत करून झालं. बॅटरीसुद्धा बदलली. शाळा सुरू झाली आणि पंधरा जूनपासून पीडीएफ पुन्हा सुरू!

हप्त्यांचं कुणी सांगेल का? 'नो कॉस्ट' म्हणतात ते खरंच नो कॉस्ट असतं?

सिंहगड रोड, पुणे

जवळजवळ. क्रेडिट कार्डावर बँक व्याज लावतेच, दुकान तेवढी सूट आधी देतं. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि बँकेची प्रोसेसिंग फी तुमच्या खिशातून. रक्कम फार मोठी नसते, पण बिलात आली की चिडचिड होते. शिवाय एकरकमी पैसे भरले तर कार्डाची सूट कधीकधी जास्त मिळते, दोन्ही आकडे मांडून बघा. सणाच्या सेलमध्ये दोन्हींची किंमत लाँचपेक्षा खाली असते, तेव्हा तुमचा आठ हजारांचा फरकही बदललेला असेल. त्या दिवशीचा भाव बघूनच ठरवा.

गडहिंग्लज (दुकानदार)

आणि कुणी वापरलेला 'एकदम नव्यासारखा' दाखवला तर *#०६# दाबून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) काढा, आणि इंग्रजीत केवायएम (KYM) लिहून एक जागा सोडून तो आकडा १४४२२ ला एसएमएस करा. चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला असेल तर कळतं. बिलाशिवाय घेऊ नका.

धागाकर्ती

नवाच घेतेय, दादा. शनिवारी दुपारच्या सुट्टीनंतर साताऱ्याला जाऊन दोन्ही हातात घेऊन बघते. मन ३ए च्या २५६ कडे झुकलंय. तोंडी आदेशांचा पुरावा तेवढा राहतो आहे, त्यासाठी फोन झाल्यावर ग्रुपवर "आपण सांगितल्याप्रमाणे..." असा मेसेज टाकायची जुनी पद्धत चालू ठेवीन.

शेवटचं विचारते: व्हॉट्सॲपची जुनी संभाषणं कशी न्यायची? गूगलचे फुकटचे १५ जीबी भरलेत, बॅकअप होतच नाही.

डोंबिवली पूर्व

ताई, गूगलची गरज नाही. जुन्या फोनवर व्हॉट्सॲप, सेटिंग, चॅट्स, ट्रान्सफर चॅट्स. नव्या फोनवर त्याच नंबरने व्हॉट्सॲप सुरू केलं की क्यूआर कोड येईल, तो जुन्या फोनने स्कॅन करायचा. दोन्हींचं वायफाय आणि लोकेशन चालू ठेवा, दोन्ही चार्जिंगला लावा, आणि मध्ये हात लावू नका. आईचं झालं तेव्हा तिची अख्खी दुपारची झोप झाली तरी चालू होतं. जुना फोन लगेच पुसू नका, आठवडाभर कपाटात राहू द्या. आणि आधी ती फुलं उडवा.