बाबाला स्टेजवर आणायचंच कशाला? वेकोच्या वेढ्यावरच्या एकांकिकेचं भांडण

परभणीचा नाटकवाला

आमच्या ग्रुपची यंदाची एकांकिका वेकोच्या वेढ्यावर आहे. संहितेवरून तालमीत दोन तट पडलेत. सोमवारी चहा तसाच राहिला आणि लोक घरी गेले, म्हणून भांडण इथं आणलंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत टेक्सासमध्ये वेको शहराबाहेर माउंट कार्मेल नावाची वस्ती होती. ब्रँच डेव्हिडियन हा छोटा ख्रिस्ती पंथ तिथं राहायचा. गुरू डेव्हिड कोरेश, मूळ नाव व्हर्नन हॉवेल, वय ३३. गिटार वाजवायचा, बायबल तोंडपाठ. बेकायदा शस्त्रांच्या संशयावरून २८ फेब्रुवारी १९९३ रोजी एटीएफनं छापा घातला (दारू, तंबाखू आणि बंदुका बघणारं खातं, आपलं उत्पादन शुल्क आणि शस्त्र परवान्याचं टेबल एकत्र केल्यासारखं). गोळीबारात खात्याचे ४ आणि आतले ६ जण गेले. मग एफबीआयचा ५१ दिवस वेढा. १९ एप्रिलला रणगाड्यासारख्या गाड्यांनी भिंती फोडून अश्रुधूर सोडला, दुपारी आग लागली आणि आतले ७६ जण मेले. त्यात वीसच्या वर लेकरं.

यावर नाटक-सिनेमा करायची घाई पहिल्यापासून आहे. वेढा उठलाही नव्हता तेव्हा एका टीव्ही चित्रपटाचं काम सुरू झालेलं होतं आणि मे १९९३ मध्ये तो दाखवलासुद्धा. २०१८ ला सहा भागांची मालिका आली. ती एका वाचलेल्या अनुयायाच्या आणि गॅरी नोएस्नर या एफबीआयच्या वाटाघाटी करणाऱ्याच्या आठवणींवर उभी आहे. मालिका चांगली आहे, मी दोनदा बघितली. पण तिसऱ्या भागापर्यंत मला कोरेश आवडायला लागला होता. देखणा नट, मिश्कील बोलणं, हातात गिटार. स्वतःचाच राग आला.

म्हणून माझं म्हणणं असं की कोरेश स्टेजवर दिसताच कामा नये. एक टेबल, दोन फोन, टेपरेकॉर्डर आणि दुधाचं क्रेट, बास. दूध अशासाठी की आतल्या लेकरांच्या दुधावरून फोनवर घासाघीस चालायची. दूध हवं तर मुलं बाहेर पाठवा, असा सौदा. वेढ्यात एफबीआयनं आत व्हिडिओ कॅमेरा पाठवला. कोरेशनं मांडीवर लेकरं घेऊन टेप करून दिली. ती टेप अधिकाऱ्यांनी पत्रकारांना दाखवली नाही, लोकांना त्याचीच दया येईल म्हणून. म्हणजे आत नाटक चालूच होतं आणि दिग्दर्शकही तोच होता. आम्ही त्याच्या हाताखाली काम कशाला करावं?

आमच्यातल्या निम्म्यांचं म्हणणं, नट नाही तर नाटक नाही. बोला.

लातूरचा बॅकस्टेजवाला

दादा, राग मानू नका, पण टेक्सास कोण बघणार? पहिल्या पाच मिनिटांत अर्धं थिएटर तंबाखू मळायला बाहेर. आपल्याकडं बाबांची टंचाई हाय का? २०१४ ला हरियाणात बरवाल्याचा आश्रम पोलिसांनी वेढला, आत हजारो भक्त, सहा जीव गेले, त्यात तान्हं लेकरू. २०१६ ला मथुरेत जवाहर बाग बळकावून बसलेले लोक. त्यांची मागणी तर एक रुपयाला ६० लिटर डिझेल! आयतं नाटक हाय. तालुक्याच्या बाहेरचा मठ घ्या, महाराज घ्या, पोलीस घ्या. कामून उगं गोऱ्यांची नावं पाठ करायची?

परभणीचा नाटकवाला

मठ घेतला की प्रेक्षक एकच खेळ खेळणार: हा महाराज कोणता? अर्ध्यापर्यंत जिल्हा ठरेल, शेवटाला नाव. नाटक बघायचं राहून जाईल.

दुसरं म्हणजे कारणं वेगळी आहेत. बरवाल्यात उच्च न्यायालयाच्या अवमानाचं वॉरंट होतं. मथुरेत सरकारी जमिनीवरचा कब्जा होता. वेकोत बंदुका होत्या आणि तिथं घरात बंदुका असणं हा गुन्हा नाही, त्यांचं मशीनगनमध्ये बेकायदा रूपांतर करणं गुन्हा. ते काढून इथलं घातलं तर आतले लोक इतके बिथरले कशानं, हेच कळणार नाही. टेक्सासचं टेक्सासमध्येच राहू दे.

निवृत्त जमादार, जालना

राज्य राखीव दलात तीस वर्षं काढली. नाटकातलं कळत नाही, पण तुमचं दुधाचं क्रेट वाचून डोकं फिरलं. तुमचं नाटक फोनपासून सुरू होतंय. फोन लागायच्या आधी चार माणसं मेली होती. त्यांचं काय?

पहिल्या दिवसापासून धरा. सत्तरच्या वर माणसं गुरं वाहायच्या दोन गाड्यांत ताडपत्रीखाली बसवली. तोवर बातमी फुटलेली. टीव्हीवाल्या कॅमेरामननं रस्त्यात एका पोस्टमनला माउंट कार्मेलचा पत्ता विचारला, आणि तो पोस्टमन निघाला कोरेशचा मेव्हणा! आत साध्या वेशात आपला माणूस होता, त्यानं धावत येऊन सांगितलं की त्यांना कळलंय. तरी वरून हुकूम, निघा. हे वाचलं आणि मला ती गाडी आतून दिसली. ताडपत्रीखाली बसलेल्याला कुणी विचारत नसतं.

एका मठाबाहेर आम्ही तीन रात्री बंदोबस्ताला होतो. जागा सांगत नाही. आतून टाळ-मृदंग, बाहेर आम्ही लाठ्या घेऊन. आमच्यातल्याच दोघांच्या पाकिटात त्याच महाराजांचा फोटो होता. पहाटे आतल्या बायकांनी भाकरी-पिठलं आणून दिलं. साहेबानं खाऊ नका म्हणून सांगितलं. आम्ही खाल्लं. तिसऱ्या रात्री दगड आला, तो त्याच दारातून. हे तुमच्या फोनवर ऐकू येणार नाही.

नांदेडचा वकील

जमादारसाहेबांना एक जोड. आधी गोळी कुणी झाडली हे आजतागायत ठरलेलं नाही. समोरचं दार दोन पाखांचं, लोखंडी. कोणत्या बाजूनं भोकं पडली ते त्यावर दिसलं असतं. आगीनंतर त्याचं उजवं पाख सापडलंच नाही. नाटककाराला यापेक्षा काय हवं? स्टेजवर एकच पाख उभं करा.

अंबाजोगाईच्या बाई

इतके पुरुष बोलले. दार, बंदूक, गाडी, फोन. मुली कुठे आहेत?

कोरेशनं आतल्या नवरा-बायकोंना वेगळं राहायला लावलं आणि सगळ्या बायका आपल्या, असं जाहीर केलं. त्यात १२-१४ वर्षांच्या मुली होत्या. १९९५ साली अमेरिकी संसदेच्या सुनावणीत १४ वर्षांच्या एका मुलीनं साक्ष दिली की ती दहा वर्षांची असताना त्यानं तिच्याशी काय केलं. सगळ्यांसमोर, मायक्रोफोनवर. आणि तुमच्या त्या मालिकेत हे किती मिनिटं आहे? बाबाला स्टेजवर आणत नाही म्हणजे तुम्ही त्याला शिक्षा केली असं तुम्हाला वाटतंय. उलट तुम्ही त्याला झाकलंत. नुसता आवाज उरला की तो देवाचाच वाटायला लागतो.

आमच्याकडे ऊसतोडीला जायच्या आधी पोरगी उजवून टाकतात. नववीतल्या मुली हंगाम लागायच्या आत शाळेतून जातात. पळवून कुणी नेत नाही. आई-बापच मांडवात उभे असतात. माउंट कार्मेलमध्येही आई-बाप आतच होते आणि त्यांची संमती होती. मला बघायचंय ते नाटक हे. पोलिसांनी भिंत फोडली त्याच्या आधीचं.

पैठणचा कीर्तनकार

बाईंचं म्हणणं मान्य. पण मला भीती वेगळीच आहे. तुम्ही सगळे मिळून आतल्या भक्तांना खुळे ठरवणार. कोरेश बोलायचा ते बायबलच्या शेवटच्या ग्रंथातल्या सात मुद्रांबद्दल, म्हणजे जगाच्या शेवटाचं गूढ झाकणाऱ्या सात मोहरांबद्दल. फोनवरचे लोक त्याला बायबलची बडबड म्हणत. नाथांच्या भारुडातला विंचू पोलीस निरीक्षकाला फोनवर समजावून बघा, तोही बडबडच म्हणेल. १ एप्रिलला धर्माच्या दोन अभ्यासकांनी रेडिओवरून कोरेशला त्याच्याच भाषेत साद घातली. १४ तारखेला त्याचं पत्र आलं: सात मुद्रांवर लिहून झालं की बाहेर येतो. पहिल्या मुद्रेवरचं लिखाण खरोखर झालं होतं, आगीतून वाचलेल्या एकीनं ते डिस्कवर बाहेर आणलं. पाच दिवसांत गाड्या घुसवल्या. रात्र रात्र भोंग्यांवर ससे मारतानाच्या किंकाळ्या आणि तिबेटी मंत्र लावणाऱ्यांना सहा मुद्रांपुरता धीर नव्हता?

निवृत्त जमादार, जालना

महाराज, आधीचं पण सांगा. २ मार्चला तो म्हणाला होता, माझं प्रवचन रेडिओवर लावा, लगेच बाहेर येतो. तासाभराची टेप लावली. सगळे वाट बघत उभे. मग निरोप आला, देवानं थांबायला सांगितलंय. एकदा असं झालं की दुसऱ्या वेळी कोण विश्वास ठेवणार? तुमच्या उधारीच्या दुकानात ठेवतात का?

लातूरचा बॅकस्टेजवाला

जमादारकाका 👏 पण आग तर सरकारनंच लावली ना? यूट्यूबवर व्हिडिओ हाय, गाडीतून ज्वाळा निघतानाचा.

नांदेडचा वकील

ज्वाळा म्हणून दाखवतात ती बहुतेक चकाकी. पण संशयाला खतपाणी एफबीआयनंच घातलं. आग लागण्याच्या काही तास आधी पेट घेऊ शकणारी नळकांडी वापरली होती, हे त्यांनी मान्य केलं ते १९९९ मध्ये! सहा वर्षं गप्प. त्यानंतर नेमलेल्या चौकशीचा निष्कर्ष २००० साली आला: आग आतूनच लावली गेली. छुप्या मायक्रोफोनवर तेल ओतण्याचं बोलणं ध्वनिमुद्रित आहे. कोरेशसकट वीसेक जणांना गोळ्या लागलेल्या होत्या.

आणि हे नुसतं पांडित्य नाही. वेढ्याच्या वेळी तिथं गाडीवर चिकटवायचे स्टिकर विकत बसलेला एक तरुण होता, टिमथी मॅक्व्हे. दोन वर्षांनी त्याच तारखेला, १९ एप्रिल १९९५ रोजी, त्यानं ओक्लाहोमा सिटीत बॉम्ब लावला. १६८ मेले. ‘सरकारनंच जाळलं’ एवढंच नाटक करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

परभणीचा नाटकवाला

काल रात्री परत बसलो. जमादारसाहेब, गाडीचा प्रवेश घेतलाय. अंधार, ताडपत्री, फक्त श्वास आणि बाहेर पोस्टमनची बेल. कोरेश अजूनही दिसणार नाही, त्यावर मी अडून आहे. महाराज, पत्राचा मजकूर पूर्ण वाचला जाईल, कुणी हसणार नाही असा वाचू.

बाईंचं मात्र गळ्यात अडकलंय. वेढ्यात ३५ माणसं बाहेर आली, त्यातली २१ लेकरं. त्यातली एक मुलगी टेबलाजवळ उभी राहील, दुधाचे डबे मोजत. संवाद नाही. पण कॉलेजातल्या मुलीला दोन वेण्या घालून उभं करणं मला चालणार नाही. खरंच बारा-तेरा वर्षांची हवी. चार घरी विचारलं. विषय ऐकला की पालक चहा प्यायला बसा म्हणतात आणि विषय बदलतात.

अंबाजोगाईच्या बाई

बदलणारच. मुलीला काय सांगून उभी करणार आहात? ती काय मोजतेय ते तिला कळायला नको?

निवृत्त जमादार, जालना

माझी नात सातवीत आहे, परभणीलाच असते. शाळेच्या नाटकात होती. पण आधी तिच्या आईला अख्खी संहिता वाचायला द्या. आणि नंतर पोरीला वेगळं विचारा, आई खोलीत नसताना. नाही म्हणाली तर विषय संपला.