ट्रकमागचा माणूस रडारला का दिसत नाही? माझ्या मते हार्डवेअरला उगाच शिव्या बसतात

खटपट्या:
गाडीतल्या ७७ गिगाहर्ट्झच्या रडारबद्दल कायम तीच रड, उभ्या ट्रकजवळचा माणूस दिसत नाही, हार्डवेअर स्वस्तातलं आहे वगैरे. अरे पण अँटेनापर्यंत माणूस आलेला असतो, पुढे आपणच त्याला घालवतो! हिशोब करा, रडारला परत मिळणाऱ्या प्रतिध्वनीच्या हिशोबाने ट्रक १०० चौरस मीटर धरा, माणूस १, हे झाले २० डीबी (डेसिबल, म्हणजे ताकदीत शंभर पट फरक), ट्रक ३० मीटरवर आणि माणूस ३३ वर, म्हणून अजून दीडएक डीबी. बँडविड्थ (लहरीची फ्रिक्वेन्सी जेवढ्या पट्ट्यात फिरते तो) १५० मेगाहर्ट्झ, म्हणजे अंतराचं एक घर १ मीटरचं. नुसता एफएफटी (सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या करून अंतरं काढणारं गणित) मारला की ट्रकचा तिसरा साइडलोब, म्हणजे मुख्य शिखराशेजारचा खोटा उंचवटा, साधारण उणे २१ डीबीवर येतो, माणूस त्याखाली गडप. हॅमिंग विंडो लावा, म्हणजे एफएफटीआधी सिग्नलची दोन्ही टोकं हळूहळू दाबा, साइडलोब उणे ४० च्याही खाली, माणूस मोकळा. खर्च शून्य.

घाटरस्ता:
शून्य कसा? हॅमिंगने मेनलोब (मुख्य शिखर) जवळपास दुप्पट फुगतो. ३ मीटरचं उदाहरण तुम्ही सोयीचं घेतलंत साहेब, माणूस दीड मीटरवर उभा करा की, ट्रकमध्येच विरघळेल. तिथे जास्त बँडविड्थच लागते, म्हणजे हार्डवेअरच. आणि ट्रक अगदी बंपरपुढे असला आणि एडीसी (सिग्नलचे आकडे करणारा भाग) क्लिप झाला, म्हणजे सिग्नलचे शेंडे कापले गेले तर? मग तिप्पट फ्रिक्वेन्सी तयार होऊन तिप्पट अंतरावर भुताचा ट्रक उभा राहतो, घाला त्याला विंडो!

खटपट्या:
क्लिपिंगसाठीच एडीसीच्या आधी हायपास फिल्टर असतो, जवळच्याचा बीट (पाठवलेल्या आणि परतलेल्या लहरींतल्या फरकाचा सिग्नल) कमी फ्रिक्वेन्सीचा म्हणून तो दबतो. दीड मीटरचं मान्य, पण मग डॉप्लर (हालचालीमुळे फ्रिक्वेन्सीत पडणारा फरक) वापरा ना. माणूस १.४ मीटर प्रति सेकंद चालला तर उभ्या ट्रकपेक्षा ७०० हर्ट्झच्या वर फरक पडतो, २० मिलिसेकंदांच्या फ्रेममध्ये ५० हर्ट्झसुद्धा वेगळे कळतात.

निवांत_नाना:
तो तुमच्या दिशेने चालला तर! रस्ता ओलांडणाऱ्याचा रडारच्या रेषेतला वेग जवळजवळ शून्य, हातपाय हलतात तेवढीच काय ती आशा, आणि धोका तर त्याचाच जास्त. बाकी तुम्ही दोघं भांडताय ते राहू दे, सीएफएआरचं, म्हणजे डिटेक्शनची पातळी (थ्रेशोल्ड) आपोआप ठरवणाऱ्या पद्धतीचं, नावच कुणी काढलं नाही. शेजारच्या घरांची सरासरी काढून थ्रेशोल्ड ठरवता आणि त्या घरांत ट्रक बसलेला, मग सरासरी चढणारच, माणूस स्क्रीनवर स्वच्छ दिसत असून डिटेक्शन नाही. रोलिंग नावाच्या रडार-संशोधकाने १९८३ मध्येच सरासरीऐवजी क्रम लावून मधलं-वरचं मूल्य घ्यायची युक्ती मांडली, तरी लोक सरासरीच लावतात, का तर सॉर्टिंगला वेळ जातो म्हणे.

घाटरस्ता:
नाना, सॉर्टिंगला वेळ जातो म्हणजे प्रोसेसर कमी पडतो. फिरून माझ्याच मुद्द्यावर आलात की!

खटपट्या:
छे, एवढ्याशा सॉर्टिंगला आजची चिप कमी पडत नाही. आळस आहे निव्वळ.