गिगासचे मार्कर दुसऱ्या ऑयस्टरवर चालतात का?

प्रश्न: क्रॅसोस्ट्रिया गिगास या ऑयस्टरचे (कालवाचे) मायक्रोसॅटेलाइट मार्कर, म्हणजे डीएनएतले पुन्हा पुन्हा येणारे छोटे भाग, शोधायचे प्रायमर (त्या भागांशेजारी चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे) हाताशी आहेत, तेच अँग्युलाटा आणि व्हर्जिनिका या दुसऱ्या ऑयस्टर प्रजातींवर लावले तर चालतील की नवीन डिझाइन करावे लागतील?

उत्तर १: अँग्युलाटावर बरेचसे चालतील, ती गिगासच्या एवढी जवळची की दोघींचा संकरही होतो. व्हर्जिनिका अटलांटिकमधली, लांबची नातेवाईक, तिथे फार आशा ठेवू नकोस. ॲनीलिंग तापमान (ज्याला प्रायमर डीएनएला चिकटतो ते) जरा उतरवून बघ, पण मग भलतेच बँडही (जेलवर दिसणाऱ्या डीएनएच्या रेषा) येतात, सिक्वेन्स करून, म्हणजे डीएनएचा क्रम वाचून, खात्री कर.

उत्तर २: बँड आला म्हणून खूश होऊ नका हो! ऑयस्टरच्या डीएनएमध्ये बदल इतके की प्रायमर बसायच्या जागीच म्युटेशन असतं, मग एका अलीलच्या (आईकडून किंवा बापाकडून आलेल्या रूपाच्या) प्रती निघतच नाहीत आणि हेटरोझायगस (दोन वेगळे अलील असलेला) प्राणी होमोझायगस (दोन्ही सारखे असलेला) दिसतो. असे न दिसणारे, म्हणजे नल, अलील खुद्द गिगासमध्येपण भरपूर आहेत, दुसऱ्या प्रजातीत अजून वाढणार. आईबाप माहीत असलेली पिल्लं घेऊन मेंडेलचं प्रमाण (पिल्लांत अलीलांची अपेक्षित वाटणी) जुळतंय का ते तपासा, त्याशिवाय पितृत्व वगैरे काढायच्या भानगडीत पडू नका.

उत्तर ३: जीनच्या आतले मार्कर दुसऱ्या प्रजातीतही जास्त टिकतात, फक्त विविधता कमी मिळते. गिगासचा जीनोम (सगळ्या डीएनएचा क्रम) २०१२ पासून उपलब्ध आहे, व्हर्जिनिकाचाही आहे, दोन्हीत सारखे भाग शोधून तिथेच प्रायमर बसवा ना.

प्रश्नकर्ता: बरं, मग अँग्युलाटापासून सुरू करतो. आईबाप माहीत असलेल्या ऑयस्टरची कुटुंबं आहेत माझ्याकडे.