ऑनलाइन मिळालेल्या ट्रॅकवर किती विसंबायचं? (चंदन-वंदनला फसलो, आता यवतेश्वर घाट सायकलने करायचाय)

गोडोलीची_सायकलवाली

नमस्कार मंडळी. राहायला साताऱ्यात, वय ४४, पतसंस्थेत हिशेबाचं काम. दिवसभर खुर्चीत बसून गुडघे कुरकुरायला लागले म्हणून मे महिन्यात एक जुनी गिअरची सायकल घेतली. शेजारपाजारचे हसले, सासूबाई म्हणाल्या, "आता या वयात?" पण पावसाळाभर संगम माहुलीपर्यंत जाऊन-येऊन पाय तयार झाले. आता चटक लागलीय. रविवारी मुलाला घेऊन पायी भटकायचं आणि आठवड्यात दोन दिवस सायकल, असं चाललंय.

प्रश्न पडला तो सप्टेंबरच्या शेवटी. चंदन-वंदन या जोडकिल्ल्यांवर गेलो होतो. चढताना काही अडचण आली नाही. उतरताना चिरंजीव (नववीत आहे, म्हणजे सर्वज्ञ) म्हणाला, दुसऱ्या वाटेने जाऊ, मी ट्रॅक (म्हणजे कुणीतरी चालताना मोबाइलवर नोंदवलेली वाटेची रेषा) डाउनलोड केलाय. कुणीतरी एका ॲपवर टाकलेला होता, खाली "मस्त सोपी वाट" असंही लिहिलेलं. निघालो. दहा मिनिटांत गवत कमरेपर्यंत आलं, पायाखाली काय आहे ते दिसेना. मग गवत संपलं आणि समोर दीड पुरुष उंचीचा कातळ, त्यावरून पाणी झिरपतंय, शेवाळं धरलेलं. मोबाइल बघितला तर निळा ठिपका बरोबर रेषेवर! वाट चुकलो असतो तर एक वेळ समजलं असतं. आम्ही चुकलोच नव्हतो.

तेवढ्यात वरून एका मावशींनी आवाज दिला. शेरडं घेऊन आल्या होत्या. "आवो ताई, कुठं निगालाय? ती वाट न्हाय, पान्याची घळ हाय!" पोरगा मोबाइल पुढे करून म्हणतो, पण इथे दाखवतंय. त्यांनी वाकून बघितलं आणि विचारलं, "त्यात माजी शेरडं दिसत्यात का?" मग त्यांच्या मागोमाग परत वर चढलो आणि गुरांच्या वाटेने अर्ध्या तासात खाली.

तर ट्रॅक खरा की खोटा हे घरबसल्या कसं ओळखायचं? आणि दुसरं, यवतेश्वर घाट एकदा केला. चढताना निम्मा घाट सायकल ढकलत नेली, त्याची लाज नाही. पण उतरताना ब्रेकमधून जळक्या रबराचा वास आला आणि माझी गाळण उडाली. पहाटे एकटीने जावं का, हेही सांगा. घरचे "सोबत घे" म्हणतात, पण सोबत सहा वाजता उठत नाही.

---

मेढ्याचा_भटक्या

ताई, घळीत उतरला नाहीत हे बरं केलंत. निम्मे अपघात "आता एवढं आलोय तर" या चार शब्दांनी होतात.

तो ट्रॅक खोटा नसणार. पण कुठल्या महिन्यातला होता? आपल्याकडे हा पहिला प्रश्न. जानेवारी-फेब्रुवारीत गवत वाळून आडवं झालेलं असतं, घळ कोरडी ठणठणीत असते, हात लावून चटपटीत माणूस पाच मिनिटांत उतरून जातो आणि घरी जाऊन "सोपी" लिहितो. सप्टेंबरात तीच जागा म्हणजे डोंगराची मोरी. विकिलॉक असो की आणखी कुठलं, ट्रॅकवर तारीख असते, ती आधी बघायची. पावसाळ्यातल्या माणसाने पावसाळ्यातलाच ट्रॅक वापरावा, हा माझा नियम.

मग वेळ बघा. नुसती रेषा बघून फसायला होतं. वर सपाट चालीने चाललेल्या माणसाला पुढच्या दोन-तीनशे मीटरला पाऊण तास लागला असेल, तर तिथे तो जेवायला बसला होता किंवा कड्याला लोंबकळत होता. कुठलं ते त्याच्या फोटोंवरून कळतं.

तिसरं, एकट्याची रेषा आणि पुष्कळांची रेषा. स्ट्राव्हाचा (पळणं-सायकलिंग नोंदवायचं ॲप) हीटमॅप उघडून बघा. जिथून खूप लोक जातात तिथे उजळ पट्टा दिसतो. एकाच पठ्ठ्याने केलेली वाट तिथे जवळजवळ दिसतच नाही. यात गोम अशी की गुराखी आणि मावशी स्ट्राव्हा वापरत नाहीत, त्यामुळे रोजच्या वापरातली पायवाटही अंधारात राहते. म्हणून उजळ दिसलं तर विश्वास वाढवा, अंधार दिसला तर वाट नाहीच असं समजू नका.

आता मुख्य मुद्दा, ज्यावर लोक बोलत नाहीत. ॲपमधला तो छान चढ-उताराचा आलेख बहुतेक वेळा उपग्रहांच्या किंवा रडारच्या आकड्यांवरून काढलेला असतो. त्यातला एक मोठा साठा २००० साली अंतराळयानातून रडारने मोजलेला आहे आणि त्यात साधारण ३० मीटर लांबी-रुंदीच्या चौकटीला उंचीचा एकच आकडा. आपल्या सह्याद्रीतला दीड-दोन पुरुष उंचीचा कातळटप्पा त्या चौकटीत विरघळून जातो. आलेखात तुम्हाला दिसतो एक गुळगुळीत उतार. तुमची घळ अशीच "गायब" झाली असणार. त्यात कड्याखाली जीपीएसचा सिग्नल दगडावर आपटून येतो, ठिपका दहा-पंधरा मीटर इकडेतिकडे होतो. माळावर पंधरा मीटरने काही बिघडत नाही. धारेवर पंधरा मीटर म्हणजे कड्याच्या वर की खाली हा प्रश्न असतो.

म्हणून मी समोच्च रेषांचा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) नकाशा बघतो. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे नकाशे ऑनलाइन मिळतात. त्यात दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर आणि दोन रेषांमध्ये साधारणपणे २० मीटर उंचीचा फरक. रेषा एकमेकींना चिकटल्या की तिथे नाद सोडायचा. मोबाइलवर ऑस्मअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स ठेवा, दोन्ही ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनीच मिळून काढलेला खुला नकाशा) चालतात आणि नकाशा आधी उतरवून घेतला की रेंजची गरज पडत नाही. जीपीएसला नेट लागत नाही हे अजून कित्येकांना माहीत नाही. डोंगरात फोन फ्लाइट मोडवर टाका, ठिपका चालू राहतो आणि बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरते.

वासोट्याचा विचार असेल तर हे सगळं बाजूला ठेवा. ते कोयना अभयारण्य आहे. बामणोलीतून वनखात्याची परवानगी आणि शिवसागर ओलांडायला लाँच, दोन्ही घेऊनच जायचं आणि उजेडात परत. तिथे आडवाटेचा ट्रॅक कुणी टाकला असेल तर तो बघूसुद्धा नका. कडेकपारीला आग्या मोहळं असतात ते वेगळंच, म्हणून अत्तर-परफ्यूम घरी ठेवा.

---

तालीमवाले_काका

आमच्या वेळी गावात शिरायचं, पारावर विचारायचं, निघायचं. एकदाही चुकलो नाही. नकाशे-बिकाशे सगळं शहरी खूळ.

---

मेढ्याचा_भटक्या

काका, विचारायचं खरंच. पण आमच्या जावळीत वाड्या-वाड्यांत कडीकुलूप आहे, सगळी मुंबईला. पारावर एखादं कुत्रं असतं, तेही झोपलेलं.

---

बोगद्याच्या_पलीकडची

सायकलवाल्या ताई, मी ५२ ची, गेली सहा वर्षं यवतेश्वर चढतेय. ढकलत नेलीत तर काय बिघडलं, मी पहिले तीन महिने समर्थ मंदिरापासूनच ढकलायला सुरुवात करायचे!

वास येणारच होता. तुम्ही घाटभर ब्रेक सतत अर्धवट दाबून धरला असणार. भीतीने सगळे तेच करतात. रिमवर ब्रेकशू घासत राहिला की रिम तापते, रबर जळतं आणि पकड कमी होते, मग आपण आणखी दाबतो. त्याऐवजी वळण यायच्या आधी दोन्ही ब्रेक नेटाने दाबून वेग पाडायचा आणि सोडून द्यायचा. दाब, सोड, दाब, सोड. बूड थोडं मागे सरकवा, कोपर सैल ठेवा. मध्ये एकदा मोकळी जागा बघून थांबा, खाली सातारा बघा, तेवढ्यात रिम निवते. बोट मात्र लावून बघू नका, मी लावलं होतं. आणि जुनी सायकल आहे म्हणताय, तर ब्रेकशूवरच्या खाचा बघा. खाचा झिजून सपाट झाल्या असतील तर आधी ते बदला, मग घाट.

चढाचा हिशेब तुम्हाला सोपा आहे, आकड्यातल्या आहात. एक किलोमीटरमध्ये १०० मीटर चढलो तर १० टक्के. ॲपवर रस्त्याचे तुकडे करून बघा. सरासरी बघू नका, सरासरी फसवते. पुढेमागे कासपर्यंत जायचं असेल तर साताऱ्यापासून २५ किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. फुलांच्या हंगामात शनिवार-रविवारी मात्र नको, गाड्यांच्या रांगेत धूर खात उभं राहावं लागतं. मधल्या वारी सकाळी जा. त्याआधी बोगद्यातून सज्जनगडाच्या पायथ्यापर्यंत एकदोन फेऱ्या मारा. पाय कुठवर आलेत ते तिथे कळतं.

एकटीचं म्हणाल तर सकाळी या घाटात पळणारे, चालणारे पुष्कळ असतात. हिल मॅरेथॉनची तयारी करणारी पोरं तर वर्षभर. मी उजाडल्यावरच निघते आणि घरच्यांना लाइव्ह लोकेशन पाठवते. एक गोष्ट मात्र आजच करा. स्ट्राव्हावर राइड टाकता तेव्हा तिची सुरुवात कुठून दिसते? तुमच्या घराच्या फाटकातून. रोज किती वाजता निघता तेही दिसतं. सेटिंगमध्ये जाऊन सुरुवात आणि शेवटचा टप्पा लपवा, आणि राइड फक्त ओळखीच्यांनाच दिसेल असं करा. मला हे भाचीने सांगितलं तोवर दोन वर्षं मी गावाला माझा पत्ता वाटत होते.

---

मिरज_पॅसेंजर

आमच्याकडे घाट नाही, त्यामुळे आम्ही सांगलीकर तुमच्या ब्रेकच्या चर्चा कौतुकाने वाचतो. आमचे शत्रू दोन. पावसात उसातल्या रस्त्यावरची काळी माती: दोन फुटांत चाकाला अशी थापली जाते की चाक फिरायचंच थांबतं. मग काटकी घेऊन खरवडत बसा. असले रस्ते ॲपला कच्चा रस्ता म्हणून सारखेच दिसतात, मुरूम काय आणि काळी काय. दुसरा शत्रू हंगामातल्या उसाच्या ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. पहाटे अंधारात आमच्याकडे निघूच नये.

ताई, कधी इकडे आलात तर दंडोबाचा डोंगर करा, वर लेण्यात महादेव आहे. आणि देवराष्ट्र्याजवळचं सागरेश्वर अभयारण्य पायी बघण्यासारखं आहे. जेमतेम ११ चौरस किलोमीटर, पण उघड्याबोडक्या टेकड्यांवर माणसांनी उभं केलेलं जंगल. सांबर, चितळ दिसतात. कुठल्या वाटेने फिरू देतात ते फाटकावर विचारा.

---

गोडोलीची_सायकलवाली

सगळ्यांचे आभार. काका, तुमचेही. मावशींना विचारूनच उतरलो, त्यामुळे तुमचंही बरोबरच.

मुलाला बसवून तो ट्रॅक पुन्हा उघडला. १७ जानेवारी! आणि त्या घळीपाशी त्या माणसाला ३८ मिनिटं लागलेली. फोटोत दोघं दोर धरून उभे आहेत. हे आधी का बघितलं नाही म्हणून चिरंजिवांना विचारलं, तर म्हणे "फोटो कोण बघतं."

ब्रेकशू काढले तर खाचांचा पत्ताच नव्हता, एका बाजूला लोखंड दिसायला लागलं होतं. नवे बसवले. सायकल विकणाऱ्याने "ब्रेक नवेकोरे आहेत" म्हणून सांगितलं होतं, त्याला मनातल्या मनात दोन शब्द ऐकवले. गुरुवारी यवतेश्वर केला, दाब-सोड करत. वास नाही. वर मंदिरापाशी टेकून बसले होते तर एक आजोबा पळत आले, घाम पुसत म्हणाले, "ढकलत आलात की चढवत?" म्हटलं, निम्मं-निम्मं.

भटक्या दादा, ओपनस्ट्रीटमॅपवर मावशींची गुरांची वाट आम्हीच काढावी असं पोराच्या डोक्यात आलंय. खातं उघडलंय. पण त्या दिवशीचं रेकॉर्डिंग नाही, म्हणून पुन्हा चंदन-वंदनला जाऊन चालून यायला लागणार. मावशी भेटल्या तर त्यांना वाटेचं नावही विचारते. नुसत्या रेषेवर चालेल का, की आणखी काही भरायला लागतं?