पहिलाच युरोप, दोघंच, आठ रात्री: तुमचे अनुभव सांगा

मी नाशिकला गंगापूर रोडला राहते, शाळेत चित्रकला शिकवते. नवऱ्याची नोकरी अंबडला. लग्नाला अकरा वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत आम्ही दोघंच असे एकदाच बाहेर पडलो, महाबळेश्वरला, तेही दोन रात्री. यंदा दिवाळीच्या सुट्टीत लेक आजी-आजोबांकडे राहायला तयार आहे. पासपोर्ट आहेत, पण त्यांवर अजून एकही शिक्का नाही.

आठ रात्री हातात आहेत. घरात रोज एक नवा देश यादीत येतो आणि एक जुना गळतो. सासूबाई म्हणतात ग्रुप टूरने जा, निदान जेवायला तरी मिळेल. नवऱ्याला बर्फ बघायचा आहे आणि रोमही. मला नक्की काय हवंय हे मलाच अजून नीट सांगता येत नाही.

म्हणून नाशिककरांना विचारते. जे दोघंच गेले, पहिल्यांदा गेले, थोड्या दिवसांसाठी गेले, त्यांनी लिहा. खर्चाचा आकडा सांगितला नाही तरी चालेल, पण पैसे कुठे वाया गेले आणि कुठे सत्कारणी लागले ते नक्की सांगा.

इंदिरानगरहून

ताई, मी व्हिसापासून सुरू करतो. आमची सगळी धाकधूक तिथेच होती.

शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या देशांचा सामाईक व्हिसा, २९ देशांत चालतो, पण अर्ज एकाच देशाकडे करायचा. जिथे सर्वांत जास्त रात्री राहणार, त्या देशाकडे. रात्री सारख्याच असतील तर जिथे आधी उतरणार तिथे. आमच्या पॅरिसला ३ रात्री होत्या आणि स्वित्झर्लंडला ५. विमान पॅरिसला उतरत होतं म्हणून एजंटने फ्रान्सचा फॉर्म भरून ठेवला होता. बायकोने बोटांवर रात्री मोजल्या आणि म्हणाली, अहो, हे तर स्वित्झर्लंडकडे जायला हवं. चुकीच्या देशाकडे अर्ज गेला की तो परत येऊ शकतो आणि तोवर तारखा संपलेल्या असतात. एजंट असला तरी फॉर्म स्वतः ओळ न ओळ वाचा.

अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. त्या १५ दिवसांवर विसंबू नका. दिवाळीसाठी जुलै-ऑगस्टमध्येच अपॉइंटमेंट घ्या. फी माणशी ९० युरो, वर व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क, आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा आणि परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा हवा. हॉटेलं अशीच घ्या जी फुकटात रद्द होतात.

बँक स्टेटमेंटबद्दल कळकळीने सांगतो. अर्जाच्या आठवडाभर आधी कोणाकडून तरी दोन-तीन लाख आणून खात्यात ठेवू नका. अचानक आलेली रक्कम स्टेटमेंटमध्ये उठून दिसते आणि ती कुठून आली हा प्रश्न येतोच. त्यापेक्षा कमी शिल्लक असलेलं, पण दरमहा पगार पडणारं खातं जास्त बोलकं असतं. रजा मंजूर झाल्याचं ऑफिसचं पत्र, तीन वर्षांचे आयकर रिटर्न आणि लग्नाचं प्रमाणपत्र एका फाइलमध्ये लावा.

बोटांचे ठसे द्यायला आम्हा दोघांनाही मुंबईला जावं लागलं. सकाळची वेळ असेल तर त्याच दिवशी पंचवटी एक्स्प्रेसने निघून पोचण्याचा धोका पत्करू नका. आम्ही आदल्या रात्री ठाण्याला मावशीकडे राहिलो. एकदा दिलेले ठसे ५९ महिने चालतात, तेव्हा पुढच्या वेळी हा फेरा बहुधा वाचेल.

आणखी एक. ऑक्टोबर २०२५ पासून तिथे शिक्क्याऐवजी संगणकात नोंद करायची पद्धत टप्प्याटप्प्याने आली आहे, चेहऱ्याचा फोटो घेतात. रांगेला वेळ लागतो. पोचाल त्या दिवशी वेळ ठरलेलं कुठलंच तिकीट काढू नका.

स्वित्झर्लंडचं थोडक्यात: युंगफ्राउयोख हे बर्फातलं ठिकाण ३,४५४ मीटरवर आहे आणि तिकीट फार महाग. सकाळी वरचा कॅमेरा मोबाइलवर बघा आणि आकाश मोकळं दिसलं तरच तिकीट काढा. आम्ही आधीच काढलं होतं. वर गेलो तर सगळं पांढरं, हातभर अंतरावरचं दिसेना. माझे पैसे वाया गेले ते इथे. रिगीचा डोंगर मात्र स्विस ट्रॅव्हल पासमध्येच (तिथल्या रेल्वे-बसचा एकत्र पास) बसतो. तिथे गवतावर दोन तास बसलो होतो, तो दिवस अजून आठवतो.

दिंडोरी तालुक्यातून

आम्ही द्राक्षवाले. बाग माझ्या वडिलांनी लावली. गेली बरीच वर्षं आमचा माल कंटेनरमधून युरोपला जातो, त्यातला पुष्कळसा नेदरलँड्सला. माल जातो, माणूस कधी गेला नव्हता. मंडळीचं म्हणणं, जायचं तर तिथेच, आपली द्राक्षं जातात तो देश बघू.

शेतकऱ्याला व्हिसा मिळत नाही असं गावात चौघांनी सांगितलं. मिळतो. पगाराची स्लिप नसते म्हणून आम्ही सातबारा, निर्यातदाराच्या पावत्या, बँकेत आलेले पैसे आणि शेतीचं उत्पन्न दाखवलेले रिटर्न जोडले. शेतीच्या उत्पन्नावर कर नसला तरी ते रिटर्नमध्ये दाखवलेलं असलं की काम सोपं होतं. पोराने इंग्रजीत एक पानी पत्र लिहून दिलं: बाग किती, छाटणी कधी, माणसं किती आणि आम्हाला परत येणं का भाग आहे. आमच्या ऑक्टोबरच्या छाटणीइतकं परत येण्याचं भक्कम कारण दुसरं कुठलं असणार?

खरड छाटणी उरकून एप्रिलच्या शेवटी निघालो. सात रात्री, एकच देश, एकच हॉटेल. हार्लेमला राहिलो, तिथून ॲमस्टरडॅम रेल्वेने वीसेक मिनिटांवर आणि खोली स्वस्त. रोज बॅग भरायची नाही हे सुख मोठं. क्यूकेनहॉफची ट्यूलिपची बाग मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतच उघडी असते, ती बघितली. पण माझं लक्ष फुलांपेक्षा वाफ्यांच्या आखणीवर आणि पाण्याच्या चरांवर होतं. बरीच जमीन समुद्राच्या पातळीखाली असलेला देश पाण्याचा निचरा कसा करतो, हे बागायतदाराने एकदा डोळ्यांनी बघावं.

एक दिवस रॉटरडॅमला गेलो. युरोपातलं सगळ्यात मोठं बंदर. बोटीतून कंटेनरच्या थप्प्या बघितल्या. आमच्या शीतगृहातून निघालेला माल तीन-चार आठवडे, कधी त्याहून जास्त पाण्यावर राहून इथे उतरतो, हे कागदावर माहीत होतं. बघितलं तेव्हा छातीत काहीतरी हललं.

संध्याकाळी दूध-पाव घ्यायला दुकानात शिरलो तर फळांच्या मांडणीत ५०० ग्रॅमचे पनेट, म्हणजे फळांचे छोटे डबे. बिनबियांची हिरवी द्राक्षं, चिठ्ठीवर देश लिहिलेला: भारत. मंडळी तिथेच थांबली. एकेक पनेट उचलून मणी बघितले, देठ हिरवा आहे का बघितला. आपलीच असतील का, म्हणाली. कोणाच्या बागेतली कोण सांगणार. तिने एक पनेट विकत घेतलं, हॉटेलवर आणून धुतलं आणि खिडकीत बसून आम्ही ते दोघांनी संपवलं. तीस वर्षं आम्ही निवडून बाहेर पाठवलेलं फळ घरी कधी असं सावकाश खाल्लं नव्हतं.

ताई, तुमचं स्वतःचं काही असेल ना, चित्रं असतील, ते बघायला जा.

नाशिकरोडहून

वय ६१, पत्नीचे गुडघे दुखरे. व्हिएन्नाला ४ आणि बुडापेस्टला ३ रात्री. मधली रेल्वे साधारण पावणेतीन तासांची, खिडकीशी बसून आरामात होते. ऑस्ट्रियात युरो, हंगेरीत फोरिंट, एवढं लक्षात ठेवा.

चालण्याचा अंदाज आमचा साफ चुकला. ट्राम, मेट्रो सगळं आहे, तरी दिवसाला बारा-पंधरा हजार पावलं होतातच, आणि जुन्या शहरात रस्ते दगडी. निघण्याआधी दोन महिने रोज चाला आणि नवे बूट घालूनच चाला. हॉटेल घेताना लिफ्ट आहे का, हे मेल पाठवून विचारा. जुन्या इमारतींत ती असेलच असं नाही.

बुडापेस्टला सेचेनीचं गरम पाण्याचं स्नानगृह आहे, १९१३ सालचं. पत्नी आधी नको म्हणत होती. मग गेलो. उघड्यावर गरम पाणी, वाफ, आजूबाजूला आमच्याच वयाची माणसं गळ्यापर्यंत पाण्यात बुद्धिबळ खेळत बसलेली. तिला वज्रेश्वरीची कुंडं आठवली. दुसऱ्या दिवशी तीच म्हणाली, परत जाऊ. आम्ही एक राजवाडा सोडून पुन्हा तिथेच गेलो.

तुम्ही दिवाळीत जाणार, तर एक सांगतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथे घड्याळं तासभर मागे जातात. नोव्हेंबरात पाच वाजायच्या सुमारास अंधार. बाहेरचं बघायचं ते सकाळी ठेवा, संग्रहालयं दुपारनंतर.

कॉलेज रोडहून

जेवणाचं मी सांगते, आम्ही दोघंही शाकाहारी. तूप, पनीर, खवा असे दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून नेता येत नाहीत. ताजी फळंही बहुतेक नाहीत, हापूस तर नाहीच. आम्ही दशम्या तुपाऐवजी तेलावर भाजून नेल्या, सोबत चिवडा, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट. सकाळी हॉटेलचा नाश्ता भरपूर, दुपारी दुकानातून ब्रेड आणि फळं, रात्री एकदाच बसून जेवण. इटलीत शाकाहाऱ्याचं अजिबात अडत नाही. फक्त काही चीजमध्ये दूध घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट असतं, पार्मेजानमध्ये असतंच. पाळत असाल तर आधीच सांगा.

देवळाली कॅम्पहून

आम्ही ग्रुपने गेलो आणि मला त्याची खंत नाही. आम्हा दोघांनाही इंग्रजी बोलायची भीती वाटायची, यांना विमानतळाची तर जास्तच. रोज गरम वरण-भात मिळाला, सामान कोणीतरी उचललं. पण सात दिवसांत चार देश होते आणि निम्मा वेळ बसमध्ये गेला. ल्युसर्नच्या लाकडी पुलावर पाऊण तास मिळाला, त्यातला अर्धा फोटोत. पुलाच्या छतातली चित्रं वर मान करून बघत होते तेवढ्यात शिट्टी वाजली. सासूबाईंना सांगा, भीती खरी आहे, पण ती पहिल्या दोन दिवसांत जाते.

टूरच्या पैशांवर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, घेतला जातो, तो रिटर्न भरताना वळता करून घ्या. आम्हाला हे वर्षभराने कळलं.

सातपूरहून

रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, सात रात्री. व्हेनिसची एक रात्र उगाच घातली. बॅगा घेऊन पुलांच्या पायऱ्या चढण्यातच दुपार गेली.

रोममध्ये मेट्रोत शिरताना माझं पाकीट गेलं. गर्दीचा एक धक्का बसला, दार बंद झालं आणि खिसा रिकामा. त्यात एक कार्ड आणि ८० युरो होते. दुसरं कार्ड बायकोकडे होतं म्हणून सहल चालू राहिली. दोघांकडे वेगवेगळी कार्डं ठेवा, पासपोर्टची प्रत मोबाइलमध्ये आणि कागदावरही, बँकेचा नंबर वहीत. तिकडे कुठल्याही संकटात ११२ लावायचा. मशीनवर पैसे देताना रुपये की युरो विचारलं तर युरोच निवडा, रुपयाचा भाव वाईट लावतात.

कोलोसियमच्या तिकिटावर नाव लागतं, ते पासपोर्टप्रमाणेच लिहा. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, रोमभर रस्त्यावर नळ वाहतात, पाणी गार आणि गोड. गावोगाव जाणाऱ्या साध्या रेल्वेचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये घालून त्यावर शिक्का उमटवून घ्यावा लागतो, नाहीतर दंड. आमच्यासमोर एका जोडप्याने भरला.

कुठे जायचं हे ठरवायला आम्ही एक केलं. दोघांनी वेगवेगळ्या खोलीत बसून तीन-तीन गोष्टी कागदावर लिहिल्या. शहरं लिहायची नाहीत, गोष्टी लिहायच्या. मग कागद समोरासमोर ठेवले.

गंगापूर रोडहून, पुन्हा मी

काल रात्री कागद लिहिले. त्याच्या कागदावर: कोलोसियम, वेगात पळणारी रेल्वे, आणि कुठेतरी नुसतं बसून कॉफी. बर्फ नव्हता, मला आश्चर्य वाटलं. विचारलं तर म्हणाला, बर्फ मी सिनेमात बघितलाय म्हणून म्हणत होतो.

माझ्या कागदावर एकच गोष्ट होती. मिकेलांजेलोचा डेव्हिड. कला महाविद्यालयात असताना त्याच्या मस्तकाच्या प्लॅस्टरच्या प्रतीवरून मी शेडिंग शिकले. रोज तेच नाक, तेच ओठ, कोळशाने. अखंड पुतळा ५.१७ मीटर उंच आहे हे तेव्हापासून पाठ आहे, पण एवढी उंची म्हणजे माझ्यापुढे नेमकं काय उभं राहणार ते कळत नाही. दिंडोरीच्या दादांनी लिहिलेलं वाचलं आणि हे पंधरा वर्षांनी परत वर आलं. नवऱ्याला मी हे कधी सांगितलंच नव्हतं.

तर फक्त इटली. रोमला ४ रात्री, फ्लॉरेन्सला ४, मध्ये दीड तासाची वेगवान रेल्वे, आणि अर्ज एकाच देशाकडे. अपॉइंटमेंट ऑगस्टची मिळाली आहे, आदल्या रात्री डोंबिवलीला नणंदेकडे उतरू. चिवडा सासूबाई करून देणार आहेत.

फ्लॉरेन्सला शनिवारी संध्याकाळी पोचतो. रविवारी सकाळचं तिकीट घेणार आहे. डेव्हिड आहे ते संग्रहालय, अकादेमिया, सोमवारी बंद असतं, म्हणून मंगळवार पुन्हा मोकळा ठेवलाय. त्या दिवशी हा बाहेर कॉफी पीत बसेल आणि मी वही घेऊन आत.