शाळेत शरीराबद्दल तुम्हाला कोणी, काय सांगितलं? खान्देशातल्या मायबहिणींनो, लिहा

मी चोपडा तालुक्यात आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. सोमवारी लोहाच्या निळ्या गोळ्या वाटताना मुली कुजबुजतात, "ही खाल्ली की माणूस काळं पडतं." गोळीतल्या ६० मिलिग्रॅम लोहाने शौचाचा रंग काळा होतो, कातडीचा नाही. हे फळ्यावर लिहिल्यावरच गोळी पोटात जाते, नाहीतर खिडकीबाहेर. रंगाची भीती मनात असेल तर आरोग्याचा धडा कितीही रंगवून शिकवा, पोरींपर्यंत पोचत नाही. म्हणून हा धागा.

तापीकाठची, शहादा
आमच्या शाळेत मुलींच्या संडासाला कडी नव्हती. दिवसभर पाणीच प्यायचो नाही, पाळीत तर घरीच. पण पाळीचा धडा घेताना मॅडमनी मुलांना बाहेर काढलं नाही. मागच्या बाकावर खुसखुस झाली. "नीट बसा, तुमच्या मायबहिणींचंच सांगते आहे," म्हणाल्या आणि आकृती पुरी केली. तास सुटल्यावर त्याच बाकावरच्या एकाने दाराशी थांबून विचारलं, "मॅडम, ताईचं लई पोट दुखतं. काय द्यायचं?" त्या वर्षी मी पाळीतही खो-खो खेळले. मुलांना बाहेर पाठवून हा धडा घेणं मला आजही पटत नाही.

एक बाप, शिरपूर
पोरगी नववीत. चुलतभाऊ 'जाडी' म्हणायचे, तिने रात्रीचं जेवण सोडलं. चक्कर यायला लागली. हिमोग्लोबिन ९ निघालं, या वयाच्या मुलीला निदान १२ हवं. डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं आणि मला बजावलं, "आधी घरातली तोंडं बंद करा." केली. आता कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, मेथी, वर लिंबू. जेवणावर लगेच चहा नाही.

नर्सताई, धडगाव
आमच्याकडे सिकलसेलची (आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार) तपासणी म्हटली की मुली रडतात, लग्न मोडेल म्हणून. वाहक असणं, म्हणजे आईबापांपैकी एकाकडूनच तो दोष आलेला असणं, हे आजारी असणं नव्हे. आईबाप दोघंही वाहक असले तर दर गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. आश्रमशाळेत हे समजावत होते, तर नववीतली एक उभी राहिली : "मग पोरांची पण तपासणी करा ना! आमचीच का?" वर्ग टाळ्या वाजवत होता. (ज्यांना सिकलसेलचा आजार आहे, त्यांनी निळी गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.)

दहावीतली, जळगाव
ओठांवर लव आहे. मुलं चिडवतात. पाळी पण मागेपुढे होते. आईला विचारायची लाज वाटते.

धागाकर्ती
बेटा, लव पुष्कळ मुलींना असते. पाळी सुरू झाल्यावर पहिली काही वर्षं मागेपुढे होऊ शकते. पण तीन महिने आलीच नाही, किंवा लव झपाट्याने वाढायला लागली, तर दाखवायलाच हवं. जिल्हा रुग्णालयात किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक असतं, १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी. तिथल्या समुपदेशक ताईंना हे सगळं सांग. एकटी जाऊ नकोस, मैत्रिणीला घेऊन जा.